‘ए’ पेटीतली सातेरी ‘बी’ पेटीत विभागताना

सातेरी म्हणजे पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी; ‘ए’ आणि ‘बी’ हे तिच्या पेट्यांचे लहान-मोठे आकार. ‘ए’ पेटीची चौकट मोठ्या ‘बी’ पेटीत बसत नाही, त्यामुळे विभागणीत, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करताना, पोळं कापावंच लागतं. पेटीत नर दिसू लागले की मगच हे काम काढा. नर नसतील तर नव्या पेटीत तयार होणाऱ्या राणीचं मीलन होणार कुठून?

ताजी अंडी आणि बंद पिलावा (मेणाने झाकलेल्या घरांतली पिल्लं) असलेली दोन-तीन पोळी कापून मोठ्या चौकटीत वरच्या पट्टीला टेकवा, केळीच्या सोपटाने बांधा. वरची बाजू वरच राहू द्या, कारण पोळ्यातल्या घरांची तोंडं किंचित वर असतात. मधाचा भाग मात्र आधीच कापून टाका. मध गळला की मुंग्या येतात, शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला धावतात. माश्यांनी पोळं मेणाने चिकटवलं की सोपट काढा.

राणी जुन्या पेटीतच ठेवा. नवी पेटी शेजारी असेल तर म्हाताऱ्या माश्या जुन्या जागी परततात, म्हणून पिलाव्यावरच्या कोवळ्या माश्या नव्या पेटीत थोड्या जास्तच झटकून टाका. दार अरुंद करा, संध्याकाळी साखरपाणी द्या. आठवड्याने नव्या पेटीत राणीघरं (राणी वाढवायची मोठी घरं) दिसली पाहिजेत. त्यानंतर मात्र राणी अंडी घालेपर्यंत पेटी उगाच उघडू नका. सातेरी चिडली की सरळ घर सोडते.