थंडी सुरू झाली की किडे-कोळी कसे शोधायचे

नोव्हेंबर आला की लोकांना वाटतं पावसाबरोबर किडे पण गेले, पण कोळी बघायला हा एकदम मस्त टाइम आहे. सकाळी ऊन यायच्या आत माळावर नाहीतर टेकडीवर जा, गवतावर दव पडलेलं असतं त्यामुळे एरवी न दिसणारी जाळी पांढरी चमकतात, त्यात नरसाळ्यासारखं भोक दिसलं की आत कोळी बसलेला असतो, काडीने जाळं हलकं हलवलं की बाहेर धावतो (दर वेळी नाही हां). सह्याद्रीत पायवाटेवर सोनेरी पिवळे धागे तोंडावर आले तर थांबा, जायंट वूड स्पायडर असणार, मोठी दिसते ती मादी, नर तिथेच कुठेतरी इवलासा. फुलपाखरं, चतुर (ड्रॅगनफ्लाय) गारठलेले असतात, ऊन खात बसतात, फोटो तेव्हाच काढून घ्या, नंतर हाती लागत नाहीत. आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका. रात्री टॉर्च डोळ्यांजवळ धरून जमिनीवर मारा, हिरवट ठिपके चमकले की ते लांडगा कोळ्यांचे डोळे. पायात बूट हवेतच, फुरसं (विषारी साप) पण तिथेच फिरतं.