पहिल्यांदा जुना फ्लॅट रिनोव्हेट करताय? आधी काय, नंतर काय, आणि काय नाहीच

समजा पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेलचा टू बीएचके घेतलाय, कोथरूडला नाहीतर डोंबिवलीला, कर्ज चालू झालंय, हातात थोडेफार पैसे उरलेत आणि घरातला प्रत्येक जण मोबाइलवर किचनचे फोटो दाखवतोय. इथेच बजेट घसरायला लागतं, कारण फोटोत दिसतं ते सगळं भिंतीच्या बाहेरचं, आणि जुन्या घराची खरी दुखणी असतात भिंतीच्या आत आणि टाइल्सच्या खाली.

म्हणून प्रायॉरिटी लावताना प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा, हे आत्ता नाही केलं आणि दोन वर्षांनी करायचं ठरलं तर काय फोडावं लागेल? बाथरूमचं वॉटरप्रूफिंग म्हणाल तर अख्खं बाथरूम फोडावं लागेल, म्हणजे ते आत्ताच. वायरिंगसाठी भिंती आणि रंग दोन्ही जातील, तेही आत्ता. वॉर्डरोब, पडदे, झुंबर, टीव्ही युनिट यांच्यासाठी काहीच फोडावं लागत नाही, मग ते पुढच्या दिवाळीला झालं तरी बिघडत नाही. घरात वाद झाला तर हाच प्रश्न पुढे करा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

तोडफोडीच्या आधी सोसायटीत जाऊन या. लेखी परवानगी, डिपॉझिट, कामाच्या वेळा, रविवारी आवाज चालतो का, लिफ्टमधून सिमेंटच्या गोण्या नेता येतात का, राडारोडा कुठे ठेवायचा आणि कोण उचलणार, हे सगळं आधी विचारून घ्या, नाहीतर काम सुरू झाल्यावर सेक्रेटरी येऊन थांबवतात आणि गवंडी बसून राहिला तरी त्याची हजेरी लागतेच. आणि हो, स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इंजिनिअरने केलेल्या इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, रिपोर्ट मागा. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे नमुना नियमांप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. तुमच्याच मजल्यावर कॉलमला तडे किंवा स्लॅबचं प्लास्टर सुटून सळई दिसते असं त्यात निघालं, तर तुमचं इंटिरियर थांबू दे, आधी सोसायटीची दुरुस्ती.

हॉल मोठा करायला भिंत पाडायची हौस बऱ्याच जणांना असते. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभ्या असलेल्या, इमारतीत मधली चार इंची भिंत बहुतेक वेळा फक्त पार्टिशन असते, पण जुन्या तीन-चार मजली इमारती लोड बेअरिंगच्याही असतात, तिथे भिंतीवरच स्लॅब टेकलेला असतो. "काय नाय होत साहेब, आपण खूप पाडल्यात" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबायचं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यायचं. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावायचा नाही, पाइप न्यायला बीममध्ये भोकही नाही.

आता पाणी. यावर मी जास्त बोलणार, कारण जुन्या घरात पैसे सगळ्यात जास्त इथेच लागतात आणि इथेच लोक वाचवायला बघतात. जुन्या बाथरूममध्ये स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरलेला असतो, जुनं वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी त्या भरावात साचतं आणि हळूहळू खालच्यांच्या छतावर ओल येते. वरून नव्या टाइल्स चिकटवल्या, सांध्यात पांढरं सिमेंट भरलं, की वर्षभर छान दिसतं आणि मग खालचे काका जिन्यात गाठतात. त्यामुळे बाथरूम करायचंच तर भराव काढून स्लॅबपर्यंत जा, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं) आणि पाइप बदला, मग वॉटरप्रूफिंग, आणि टाइल्स लावायच्या आधी ट्रॅप बंद करून किमान दोन दिवस पाणी भरून ठेवा. या दोन दिवसांत खालच्या फ्लॅटमध्ये स्वतः जाऊन छत बघायचं, ठेकेदाराच्या माणसाच्या शब्दावर राहायचं नाही. दोन दिवस काम पुढे जातं म्हणून ठेकेदार कुरकुर करेल, करू दे.

प्लंबिंगही याच वेळी. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून इतके बारीक झालेले असतात की भारी शॉवर लावला तरी धार तीच, त्यामुळे गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारे प्लास्टिकचे पाइप टाका आणि भिंत बुजवायच्या आधी लाइनला प्रेशर टेस्ट करून घ्या. डक्टमधला (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेतला) मोठा पाइप सोसायटीचा, त्याला परस्पर हात लावू नका. पाइप गॅस असेल तर ती लाइन प्लंबरकडून सरकवायची नाही, गॅस कंपनीलाच बोलवायचं.

घरात राहूनच काम करणार असाल तर दोन्ही बाथरूम एकदम फोडू नका. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण लोक फोडतात.

मग वायरिंग. पूर्वी एका खोलीत एक ट्यूब, एक पंखा आणि एक प्लग एवढाच हिशोब होता, आता एसी, गिझर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन सगळं आलंय. लाइट-पंख्याला १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ किंवा ४ आणि एसीला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्रत्येक जड उपकरणाला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आणि मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो शॉक लागताना सप्लाय तोडतो. अर्थिंग खरंच आहे का ते मीटरने तपासून घ्या, तीन पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. दोन एसी लावणार असाल तर वीजबिलावरचा मंजूर भार बघा आणि लागला तर वाढवून घ्या. एसी आत्ता घेत नसाल तरी त्याची वायर आणि ड्रेनचा पाइप उतार देऊन आत्ताच टाकून ठेवा. पॉइंट ठरवायच्या आधी फर्निचर कुठे येणार ते फरशीवर खडूने आखा, नाहीतर बेडमागे तीन सॉकेट आणि मिक्सरला एक्स्टेंशन अशी गत होते.

आणि गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप धरून. पुढे ड्रिल मारताना पाइप कुठे, वायर कुठे, हे त्यातूनच कळतं.

खिडक्या विसरू नका. मुंबई-ठाण्याकडे पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो, तिथे खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार नसेल तर आतला महाग रंग पहिल्याच जुलैत फुगतो. भिंत ओली असेल तर ओल येते कुठून ते आधी शोधा, पुट्टी ओल झाकते, थांबवत नाही. जमत असेल तर एक पावसाळा घर तसंच वापरून बघा, कुठली भिंत रडते ते फुकटात कळतं, आणि मग दसऱ्याच्या आसपास काम काढा.

फरशीबद्दल थोडक्यात, जुनी फरशी धड असेल तर पॉलिश करून बघा, खर्च बराच कमी येतो. टाइलवर टाइल लावली तर दरवाजे खालून कापावे लागतात आणि बाथरूमचा उंबरा बुटका होतो. किचनमध्ये सिंकखाली तरी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लायच वापरा, आयएस ७१० असा शिक्का बघून, एमडीएफला (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाला) पाणी लागलं की ते फुगतं. फॉल्स सीलिंग माझ्या मते जुन्या कमी उंचीच्या फ्लॅटमध्ये नकोच, पंखा खाली येतो आणि वरून गळती असली तर उशिरा दिसते. पण हौस असेल तर फक्त हॉलमध्ये करा.

पैशांचं म्हणाल तर मजुरीचा रेट वेगळा आणि मालासकट वेगळा, कोटेशनमध्ये कुठला आहे ते लिहून घ्या, वायर-पाइप-प्लायचा ब्रँड आणि ग्रेडसुद्धा, जीएसटी धरून की सोडून तेही. एकूण रकमेतले १० ते १५ टक्के बाजूला काढून ठेवा, कारण जुनं घर फोडल्यावर आत काहीतरी निघतंच, आणि हे पैसे मध्येच सोफ्याला वापरायचे नाहीत. ॲडव्हान्स कमी, पुढचे हप्ते कामाच्या टप्प्यावर, "बाथरूमची पाणी टेस्ट पास झाल्यावर" असे, तारखेवर नाही. शेवटचे १० टक्के सगळे नळ, सगळे स्विच, सगळी दारं स्वतः उघडून-बंद करून बघेपर्यंत हातात ठेवा, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते ट्रॅपकडेच जातंय ना तेही बघा. आणि उरलेल्या टाइल्स ठेकेदाराला नेऊ देऊ नका, प्रत्येक डिझाइनचा एक बॉक्स माळ्यावर ठेवा, तीच शेड पुढे दुकानात मिळेल याचा भरवसा नाही.