जुन्या पिकअपला पेट्रोल पोचत नाही? टाकीपासून तपासत या

जुनी विलिस जीप-पिकअप सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते आणि जे. जे. पुलाच्या चढाला गचके देऊन बंद पडते. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात कार्ब्युरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला जातो. कृपा करून तो शेवटी उघडा. दोष बऱ्याचदा त्याच्या मागे, टाकी ते पंप या वाटेत असतो.

काम मोकळ्या हवेत करा, इंजिन गार असताना. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते. पावडरचं अग्निशामक हाताशी हवंच.

आधी भानगड पेट्रोलचीच आहे ना, ते बघा. एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटरचा दांडा हातानं दाबा. कार्ब्युरेटरच्या तोंडात बारीक धार उडाली, तर पेट्रोल तिथवर आलंय. मग दोष ठिणगीचा; प्लग, पॉइंट, कंडेन्सर तपासा.

धार नसेल तर टाकीचं झाकण सैल करा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि मग गाडी चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ते साफ केलं की झालं.

नंतर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाची (एसी कंपनीचा असतो तो) काचेची वाटी. ती उतरवून उजेडात धरा. तळाशी मोत्यासारखा गोळा होऊन हलणारा थेंब दिसला, तर ते पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत आपली दमट हवा थंड होऊन पाणी धरते. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं २० टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल पाणी शोषतं आणि प्रमाण वाढलं की त्याच्यासकट तळाला बसतं. म्हणून पावसाळ्यात उभ्या गाडीची टाकी भरलेली ठेवा. तपकिरी गाळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर नुसते फिल्टर बदलू नका, टाकी उतरवून धुऊन घ्या. वाटी बसवताना वॉशर नवा घाला, नाहीतर पंप एअर घेतो.

आता पंप. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढा, कार्ब्युरेटरकडचा पाइप सोडून पत्र्याच्या डब्यात धरा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याला जोरदार धार यायला हवी. बुडबुडे आले, तर टाकीकडून पंपाकडे येणारा रबरी पाइप चिरलाय. तिथून पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र आत शिरते. धारच मेली असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा फाटलाय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुना पंप जरूर शोधा, पण रबरी पाइप आणि डायफ्राम नवे, इथेनॉल सोसणारेच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप मुळीच लावू नका. त्याचा दाब ४० पीएसआयच्या घरात असतो, आपल्या फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या तरंगत्या डबीची) पेट्रोल अडवणारी सुई ३-४ पीएसआयच झेलते. जादा पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडेल.

मे महिन्यात ट्रॅफिकमध्येच बंद पडून गार झाल्यावर आपोआप सुरू होणारी गाडी वाफेनं अडलेली असते. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरपासून लांब वळवा.

एवढं करूनही अडलं, तर कार्ब्युरेटर. फ्लोट कानाशी हलवा. आत डुचमळलं तर तो फुटलाय. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालू नका, भोक मोठं होतं; हवेनं फुंका. सगळं बसवल्यावर इंजिन पाच मिनिटं चालवा, बंद करून गार होऊ द्या आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून ओल येते का बघा.