वहीचं मागचं पान

बाळ झाल्यावर आम्ही एक वही केली होती. दूध किती वाजता, कोणत्या बाजूला, शू-शी कधी, हे सगळं त्यात लिहायचं, म्हणजे अर्धवट झोपेत एकमेकांना उठवून विचारायला नको. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, त्यामुळे वही भराभर भरत होती. पाचव्या आठवड्यात काहीतरी शोधायला पानं उलटली, तर माझ्या ‘२:४० – दूध, उजवी’ या नोंदीखाली नवऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: ‘३:१० – तू रडत होतीस?’

नोंद दोन दिवसांपूर्वीची होती. एकाच खोलीत झोपणाऱ्या माणसाने मला हे वहीतून विचारलं होतं, आणि मी ते वाचलंही नव्हतं.

त्यानंतर आम्ही जे केलं त्यातलं उपयोगी पडलेलं तेवढं इथे सांगते.

सगळ्यात आधी रडण्याचा हिशेब लावा. पहिल्या दोन आठवड्यांत उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही तेच चालू असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ‘होईल बरं’ म्हणत बसू नका, डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली आहे, फक्त १० प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दलची. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा आहे. त्याचं उत्तर ‘हो’ असेल, कधीतरीच का होईना, तर त्याच दिवशी मदत मागायची. नवऱ्याकडेही लक्ष असू द्या, बापांनाही नैराश्य येतं.

दुसरं, ‘आधीसारखं कधी होणार?’ हा प्रश्न सोडून द्या. डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये आई होण्याच्या या स्थित्यंतराला ‘मॅट्रेसन्स’ असं नाव दिलं. शब्द ‘अ‍ॅडोलेसन्स’ (पौगंडावस्था) या शब्दाच्या वळणाचा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला आपण ‘पुन्हा आठ वर्षांचा हो’ म्हणत नाही, मग स्वतःलाच का म्हणतो? (केसांचं मात्र सांगून ठेवते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ गळतात. गरोदरपणात गळायचे राहिलेले असतात, ते एकदमच गळतात. बहुतेकींचे वर्षभरात सावरतात.)

आता खरं काम. ‘मदत’ हा शब्द घरातून हद्दपार करा. मदत करणाऱ्याला प्रत्येक गोष्ट सांगावी लागते, आणि सांगत बसणं हेच मुळात दमवणारं काम आहे. एक काम पूर्णच्या पूर्ण देऊन टाका. आम्ही आंघोळ दिली. म्हणजे पाणी, टॉवेल, कपडे, साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणं, सगळं त्याचं. पहिल्या दिवशी बाळाचा आवाज आला आणि मी दाराशी पोहोचलेसुद्धा. झबलं उलटं घातलं होतं, बंद पुढे आलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याचा चेहरा दिसला. तसंच परत फिरले. बाळ दिवसभर उलट्या झबल्यात राहिलं, त्याला काहीही झालं नाही.

म्हणून सांगते, त्या वेळात घरात थांबूच नका. कानावर आवाज आला की पाय वळतातच. दूध पाजून लगेच निघा, बाळाची पुढची भूक लागेपर्यंतचा वेळ तुमचा.

या वेळात काय करायचं? मी यादी केली होती: व्यायाम, ऑनलाइन कोर्स, राहिलेली पुस्तकं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी जिन्यावर बसून मोबाइलमध्ये बाळाचेच फोटो बघितले. दुसऱ्या दिवशी फोन घरी ठेवला आणि नुसती बसले. तिसऱ्या दिवशी शब्दकोडं घेऊन गेले, कारण बाळाआधी ती माझी रोजची खोड होती. एक कोडं आठवडाभर पुरलं. आडवा ७ तर सुटेचना. पण तेवढ्या वेळात मी कुणाची आई नव्हते, हे घरी परतताना जाणवायचं. नवी मोठी गोष्ट शोधू नका, जुनी क्षुल्लक खोड पुरते.

नवऱ्यासाठी वहीचं मागचं पान राखून ठेवलं. नियम एकच: दोघांनी रोज एक ओळ लिहायची, बाळाचा विषय नको. सुरुवातीला माझ्या ओळी म्हणजे नुसत्या तक्रारी होत्या. चालेल, पण ‘तू नेहमी’, ‘तू कधीच’ असं लिहू नका, काय हवंय ते लिहा. एकदा त्याने लिहिलं, ‘तुझ्याशी बोलायला येतो, पण तुझे डोळे मिटलेले असतात, मग परत जातो.’ मी बरेचदा जागीच असायचे. आणखी एक ठरवलं: रात्री १० ते सकाळी ६ मध्ये जे काही बोललं जाईल ते धरून ठेवायचं नाही.

जवळिकीबद्दल मोकळेपणाने सांगते. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर डॉक्टर हरकत नाही म्हणतात, ती परवानगी असते, मुदत नव्हे. अंगावर पाजताना इस्ट्रोजेन कमी असतं, म्हणून कोरडेपणा येतो. यात मन आटल्याचं काही नाही, पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट वापरा, आणि तरीही दुखत राहिलं तर दाखवा. पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पहिल्या पाळीच्या आधीच बीजांड बाहेर पडू शकतं. आणि दिवसभर बाळ अंगावर असल्यावर संध्याकाळी नवऱ्याचा हातही नकोसा वाटतो, हे त्याला भरदुपारी शांतपणे सांगा. हात झटकल्यावर सांगितलं तर ते त्याला पटत नाही, स्वानुभव.

सातव्या महिन्यात दुधाच्या नोंदी बंद झाल्या. मागचं पान चालू राहिलं. एका सकाळी तिथे त्याची ओळ होती: ‘आडवा ७ – कंदील.’ मी तासभर त्याच्याशी बोलले नाही. ते मला सोडवायचं होतं. कित्येक महिन्यांत बाळावरून न झालेलं आमचं ते पहिलंच भांडण.