काचांना फिल्म लावताय? गाडीची आतली बाजू खराब करणाऱ्या या चुका टाळा

फिल्म लावून गाडी ताब्यात आली की सगळेजण काचच बघतात. बुडबुडे राहिलेत का, कड उचललीये का, चारही काचांची शेड सारखी आहे का. पण काचेवरचा दोष डोळ्याला दिसतो आणि दुकानदार तो पाच मिनिटांत नीट करून देतो. खरा फटका बसतो तो खाली, स्वीचमध्ये, स्पीकरमध्ये, मॅटिंगच्या खाली, आणि तो कळेपर्यंत आठवडा उलटून गेलेला असतो आणि मग तुम्ही कितीही भांडलात तरी उत्तर एकच, "साहेब, आमच्याकडून गाडी गेली तेव्हा सगळं ओके होतं."

असं होतं कारण फिल्म ओली लावतात. काचेवर शॅम्पूचं पाणी मारायचं, फिल्मच्या मागचं पारदर्शक लायनर सोलायचं, चिकट बाजूवर परत पाणी मारायचं, फिल्म सरकवत जागेवर बसवायची आणि मग स्क्वीजीने (रबरी पात्याच्या पुसणीने) दाबून दाबून सगळं पाणी बाहेर काढायचं. आता फिल्म बसते काचेच्या आतल्या बाजूने. म्हणजे हे सगळं साबणाचं पाणी उतरतं ते तुमच्या केबिनमध्येच.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सच्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश जायला हवा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली, पुढे नियम बदलला, तो एप्रिल २०२१ पासून लागू झाला आणि २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की या मर्यादेत बसणारी फिल्म चालते. पण काच स्वतः पण थोडा प्रकाश अडवते, त्यामुळे ७० ची फिल्म लावली म्हणजे काच आणि फिल्म मिळून ७० भरतीलच असं नाही, मीटरवर मोजून दाखवा म्हणायचं. आणि नाक्यावर अडवलं तर बिल आणि फिल्मचं सर्टिफिकेट गाडीत असू द्या. बास, आता आतल्या बाजूकडे वळू.

भरलेली गाडी तशीच नेऊन उभी करणं

डॅशबोर्डवर गणपती, त्याच्या बाजूला परफ्यूमची बाटली, दाराच्या खिशात गाडीची कागदपत्रं, टोलच्या पावत्या, पीयूसी, मागच्या सीटवर पोरांच्या वह्या, पार्सल ट्रेवर उशा. हे सगळं घरीच काढून ठेवा. दुकानातला पोरगा ते उचलून पुढच्या सीटवर टाकतो आणि त्याच सीटवर गुडघा टेकवून मागच्या काचेचं काम करतो, त्यात त्याची काही चूक नाही, त्याला तेवढीच जागा असते. दाराच्या खिशातली कागदपत्रं तर हमखास भिजतात कारण दारावरून ओघळणारं पाणी शेवटी तिथेच साचतं.

पायाखालच्या मॅट पण काढून घ्या. सेव्हन-डी मॅटिंग, म्हणजे पूर्ण फ्लोअरभर बसवलेलं जाड आवरण, केलेलं असेल तर जास्तच जपा, ते वरून वॉटरप्रूफ असतं पण कडेने, सीटच्या नट-बोल्टच्या जागी पाणी खाली शिरतं आणि एकदा शिरलं की वर यायला वाटच नसते, वरून फडकं मारलं की मॅटिंग कोरडं दिसतं आणि खालचं कार्पेट महिनाभर ओलं राहतं.

दाराच्या स्वीचवर काही न झाकता काम सुरू करू देणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं म्हणून जरा सविस्तर.

दाराची काच वर करून तिच्या खालच्या कडेला बघा, दोन रबरी बीडिंग दिसतील, एक बाहेरून, एक आतून. पावसाचं पाणी त्या बीडिंगच्या फटीतून दाराच्या पत्र्याच्या पोकळीत उतरतंच आणि तळाच्या भोकांतून खाली गळून जातं. म्हणजे ती पोकळी ओली होणार हे कंपनीने धरूनच चाललेलं असतं, म्हणून तर डोअर पॅडच्या मागे प्लास्टिकचा पडदा लावलेला असतो. गोची आहे ती आतल्या बीडिंगच्या अलीकडे. स्क्वीजी वरून खाली मारली की थोडं पाणी बीडिंगच्या आत जातं पण बरंचसं बीडिंग ओलांडून डोअर पॅडवर येतं, तिथून ओघळत खाली, आणि वाटेत त्याला पहिलं काय लागतं तर आर्मरेस्टवरचा पॉवर विंडोचा स्वीच. ड्रायव्हरच्या दारावर तर चारही काचांची, आरशांची, लॉकची बटणं एकाच पॅनेलवर असतात, ते गेलं की सुट्टं बटण मिळत नाही, बहुतेक गाड्यांत अख्खं पॅनेल बदलावं लागतं.

उपाय अगदी घरगुती आहे. जुना जाडसर पंचा घ्या, लांबीला दोन-तीन घड्या घाला आणि आतल्या बीडिंगला लागून दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवा. चिकटवायला पेंटर लोक वापरतात तो कागदी मास्किंग टेप, ब्राऊन पॅकिंग टेप नको, उन्हात त्याचा गोंद पॅडवर राहतो आणि मऊ फिनिशचं पॅड असेल तर वरचा थर पण सोलून येऊ शकतो. स्वीचवर वेगळी प्लास्टिकची पिशवी पसरून तिच्या कडा टेपने बंद करा. दाराच्या स्पीकरच्या जाळीवर पण तसंच. एका दाराला पाच मिनिटं लागत नाहीत.

आता यातली खरी मेख. फिल्म लावल्यावर तीन-चार दिवस काच खाली करायची नाही असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबर आहे, ओली फिल्म बीडिंगला घासून सोलून निघते. पण त्यामुळे होतं काय की स्वीच भिजलाय की नाही हे गाडी घेताना तपासताच येत नाही! चार दिवसांनी तुम्ही पहिल्यांदा बटण दाबता, तोपर्यंत साबणाचं पाणी आत सुकून पिनांवर थर बसलेला असतो. साधं पाणी एक वेळ सुकून जातं, साबणाचं पाणी मागे काहीतरी ठेवून जातं आणि तांब्याच्या पिना हिरव्या पडायला लागतात.

म्हणून गाडी सोडायच्या आधी दुकानाच्या दारातच एक व्हिडिओ काढा, चारही काचा वर-खाली, आरसे, लॉक, स्पीकर, स्क्रीन, डॅशबोर्डवर कुठलाही वॉर्निंग दिवा नाही, सगळं एका शॉटमध्ये. दुकानदाराला दिसेल असा काढा. आणि गाडी परत घेताना काच सोडून बाकी सगळं तिथेच चालवून बघा, सेंट्रल लॉक आपोआप टकटक करत असेल किंवा आरसा हलत नसेल तर पॅनेलमध्ये पाणी गेलंय असं समजा.

भिजलंच तर बटण सारखं सारखं दाबत बसू नका. गाडी बंद करा, त्याच दुकानातल्या माणसाला पॅनेल उचकटून कनेक्टर काढायला लावा, आत पाणी असेल तर पुसून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारायचा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो, आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच परत जोडायचं. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर.

पुढच्या काचेखाली नुसतं प्लास्टिक अंथरणं

बरेच जण डॅशबोर्डवर प्लास्टिक टाकतात आणि निर्धास्त होतात. पण प्लास्टिक पाणी पीत नाही, ते फक्त त्याचा रस्ता बदलतं. पाणी घरंगळत दोन्ही कोपऱ्यांत जातं आणि पिलरच्या कडेने खाली उतरतं, आणि बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या खाली तिथेच कुठेतरी फ्यूज बॉक्स आणि कंट्रोल मॉड्यूल बसवलेलं असतं. म्हणून आधी प्लास्टिक, त्याच्यावर टॉवेल, आणि काच जिथे डॅशबोर्डला मिळते त्या खाचेत टॉवेलची गुंडाळी ठासून बसवायची, डिफॉगरची, म्हणजे काचेवरचं बाष्प घालवणारी, हवा येते ती फट पूर्ण झाकली पाहिजे. टॉवेल चिंब झाला की बदलायचा, एकाच टॉवेलवर अख्खी काच होत नाही. घरून चार-पाच जुने टॉवेल नेलेत तर कोणी हसणार नाही.

टचस्क्रीनवर वेगळं झाकण हवंच. आणि आरशामागे कॅमेरा किंवा रेन सेन्सर असेल तर त्याच्यासमोर फिल्म येणार की तिथे कापून जागा सोडणार हे आधीच विचारून घ्या, एडास (कॅमेरा-सेन्सरने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हे विसरलात तर नंतर वॉर्निंग येत बसते.

पुढच्या काचेवरचा फास्टॅग आणि एचएसआरपीचा (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचा) तिसरा स्टिकर हे दोन्ही काढले की फाटतात, त्यांची रचनाच तशी केलीये. त्यामुळे एकतर तेवढी जागा सोडून फिल्म कापायला सांगा, नाहीतर नवीन फास्टॅगची सोय आधी करा, नाहीतर परत येताना टोलनाक्यावर फाटका फास्टॅग हातात धरून उभं राहायची वेळ. मेटलवाली फिल्म असेल तर ती फास्टॅगच्या सिग्नलला अडवू शकते, सिरॅमिक फिल्ममध्ये हा त्रास नसतो.

मागची काच, आणि जुनी फिल्म खरवडणं

मागच्या काचेवरच्या त्या बारीक तपकिरी रेषा म्हणजे मागचा डिफॉगर, त्या तापून काचेवरचं बाष्प घालवतात, काही गाड्यांत रेडिओची अँटेना पण तिथेच असते. जुनी फिल्म काढताना कोणी ब्लेड घेऊन खरवडायला लागला तर त्याला तिथेच थांबवा. एक रेष तुटली की तेवढी पट्टी पावसाळ्यात कायम धुरकट राहणार. जुनी फिल्म वाफेने किंवा हळूहळू गरम करून सोलायची, रेषांच्या दिशेने, आणि उरलेला गोंद शॅम्पूच्या पाण्याने भिजवून काढायचा. वेळ जातो, त्याचे वेगळे पैसे मागतात, द्या.

थिनर, पेट्रोल असलं काही मात्र गाडीच्या आत आणू देऊ नका. गोंद निघतो हे खरं, पण त्याचा एक थेंब पार्सल ट्रेवर किंवा डोअर पॅडवर पडला की प्लास्टिक मऊ पडून डाग कायमचा.

सेडानमध्ये पार्सल ट्रेवर स्पीकर असतात, तिथे डॅशबोर्डसारखंच प्लास्टिक आणि वर टॉवेल. हॅचबॅकमध्ये ट्रे काढूनच ठेवा. काही हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला हवा ओढली जाते, त्या जाळीत पाणी जाणं म्हणजे खेळ नाही, आधी दाखवून झाकून घ्या आणि काम झाल्यावर आठवणीने झाकण काढा.

हीट गन आणि कटर

हीट गनची हवा ५०० अंशांपर्यंत तापू शकते. फिल्मला काचेचा आकार देण्याचं काम काचेच्या बाहेरच्या बाजूने होतं, आत गन लागलीच तर कडा बसवायला, तीही थोडा वेळ. डॅशबोर्डच्या दिशेने गन चालू ठेवून माणूस फोनवर बोलतोय असं दिसलं तर बोला, गप्प बसू नका. प्लास्टिक एकदा वाकलं की सरळ होत नाही.

कटरचं वेगळंच. ब्लेडचं टोक बोथट झालं की मोडून टाकतात आणि तो छोटासा तुकडा कुठे उडाला ते कोणी बघत नाही. सीटच्या फटीत, सीट बेल्टच्या बकलशेजारी, मॅटवर. गाडी घेताना मोबाईलचा टॉर्च लावून बघा, लहान मुलं बसत असतील तर हातात चुंबक घेऊनच फिरवा. शक्य असेल तर मशीनवर कापलेली फिल्म लावणारं दुकान शोधा, काचेवर ब्लेड चालवायचं काम बरंचसं वाचतं आणि बीडिंगवर चिरा पण पडत नाहीत.

गाडी घरी आल्यावर

काच खाली करायची नाही म्हणून लोक गाडी पूर्ण बंद करून बेसमेंटच्या पार्किंगमध्ये लावून टाकतात. आत ओलावा, वर बंद काचा, पावसाळ्यात तर आठ दिवसांत कुबट वास आणि सीट बेल्टवर बुरशी. काचा बंद ठेवा पण दारं उघडता येतात की! संध्याकाळी अर्धा-एक तास चारही दारं उघडी ठेवा, चालवताना एसी लावा, एसी हवेतला ओलावा ओढतो, आणि हवा बाहेरून घ्या, आतल्या आत फिरवू नका. घरातल्या सगळ्यांना सांगूनही कोणीतरी सवयीने काच खाली करतंच, त्यामुळे बटणांवर मास्किंग टेप लावा आणि मागच्या काचा ड्रायव्हरकडून लॉक करून टाका.

सकाळी काचा आतून धुरकट दिसायला लागल्या तर फिल्मला दोष द्यायच्या आधी कार्पेटखाली हात घालून बघा. फिल्ममधला धुरकटपणा काही दिवसांत आपोआप जातो आणि तो पुसून जात नाही, पण बोटाने पुसून रेघ उठली तर ते बाष्प आहे आणि पाणी खाली कुठेतरी साचलंय. दार बंद करताना आत डुचमळल्याचा आवाज आला तर दाराच्या तळाची भोकं चोंदलीयेत, बारीक काडीने मोकळी करा.

एअरबॅगचा दिवा लागला तर मात्र स्वतः काही करू नका. पुढच्या सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते एअरबॅगच्या सिस्टीमचे, ओले झाले तरी ओढून बघायचे नाहीत, सरळ सर्व्हिस सेंटर गाठा.

डॅशबोर्डवर आणि काळ्या प्लास्टिकवर पांढरट ओघळ राहिले असतील तर तो शॅम्पू आहे, ओलं मायक्रोफायबर दोनदा फिरवलं की जातो, लगेच पॉलिश मारू नका, पॉलिशखाली तो तसाच बसतो. आतून काच पुसायला पहिले काही दिवस हातच लावू नका, नंतरही अमोनियावालं ग्लास क्लीनर नको, साधं पाणी आणि मऊ कापड पुरतं. पाचव्या दिवशी, म्हणजे फिल्म सुकल्यावर, एकेक काच आधी फक्त बोटभर खाली करून परत वर घ्या, काच अडकली, थांबत थांबत गेली किंवा बटण सोडल्यावरही चालत राहिली तर तो जुना व्हिडिओ मोबाईलमध्ये काढून त्याच दिवशी दुकानात जा.