सप्टेंबरचे निकाल आणि घाईचे निष्कर्ष: कॉलेज फुटबॉलचे अंदाज बांधताना या चुका टाळा

7 सप्टेंबर 2024 रोजी इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे नोटर डेम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध उतरला, तेव्हा यजमान क्रमवारीत पाचवे होते आणि ते सुमारे 28 गुणांच्या फरकाने जिंकतील असे सर्वत्र धरले जात होते. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत नोटर डेमकडे 14–13 अशी एका गुणाची आघाडी होती. त्यानंतर त्यांचा क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) रायली लेनर्ड याचा लांबचा पास पाहुण्यांनी हवेतच हिसकावला, घड्याळात 31 सेकंद उरलेले असताना 35 यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून चेंडू लाथाडून मिळणारे तीन गुण) मारला आणि 16–14 अशी आघाडी घेतली. नोटर डेमने 62 यार्डांवरून शेवटचा प्रयत्न केला, पण तो चेंडू उंची घेण्यापूर्वीच अडवला गेला.

त्या रात्री बहुतेकांनी दोन निष्कर्ष काढले: नोटर डेमचा हंगाम संपला आणि नॉर्दर्न इलिनॉय हा यंदाचा चमत्कार आहे. दोन्ही निष्कर्ष चुकले. नोटर डेमने पुढचे 13 सामने सलग जिंकले आणि 20 जानेवारी 2025 रोजी अटलांटा येथे राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळला, ज्यात ओहायो स्टेटने त्यांना 34–23 असे हरवले. नॉर्दर्न इलिनॉयचा संघ मात्र लगेचच्या सामन्यात, तोही स्वतःच्या मैदानावर, बफेलोकडून 23–20 असा हरला.

दरवर्षी ऑगस्टमध्ये पुण्यामुंबईहून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून अनेक विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेत पोहोचतात आणि पहिल्याच महिन्यात शनिवारच्या या सामन्यांत ओढले जातात. खेळाचे नियम दोन-तीन आठवड्यांत समजतात, पण सुरुवातीच्या निकालांचा अर्थ कसा लावावा हे समजायला बराच वेळ लागतो. हा लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे, आणि अनेक वर्षे हा खेळ पाहूनही दर सप्टेंबरला त्याच चुका करणाऱ्यांसाठीही आहे.

निकाल पाहणे आणि निकालाचे कारण न पाहणे

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. गुणफलक फक्त कोण जिंकले ते सांगतो; ज्या कारणामुळे सामना गेला ते कारण पुढच्या आठवड्यातही टिकणार आहे का, हे तो सांगत नाही. अंदाज बांधणाऱ्याला मात्र नेमके तेवढेच हवे असते.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. 6 सप्टेंबर 2014 रोजी ओहायो स्टेटचा संघ स्वतःच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून 35–21 असा हरला. मुख्य क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर ऑगस्टमधील सरावात खांद्याच्या दुखापतीमुळे संपूर्ण हंगामासाठी बाहेर गेला होता, त्याच्या जागी आलेला जे. टी. बॅरेट कॉलेजमधला दुसराच सामना खेळत होता आणि त्याच्या पुढची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारी पुढची फळी) जवळजवळ नवीच होती. व्हर्जिनिया टेकने धोका पत्करून एकामागून एक खेळाडू थेट त्याच्यावर सोडले, त्याला सात वेळा चेंडूसह पाडले आणि त्याचे तीन पास हिरावले. पराभव खराच होता, परंतु त्याचे कारण अननुभव हे होते आणि अननुभव दर आठवड्याला थोडा कमी होत जातो. त्या संघाने त्यानंतर एकही सामना गमावला नाही. बॅरेट जायबंदी झाल्यावर तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स उतरला, आणि तरीही त्यांनी बिग टेन या विद्यापीठांच्या गटाच्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनला 59–0 आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात ओरेगनला 42–20 असे हरवले.

आता दुसरे उदाहरण. फ्लोरिडा स्टेटचा संघ 2024 च्या हंगामापूर्वीच्या क्रमवारीत दहावा होता. पहिल्या सामन्यात डब्लिन येथे जॉर्जिया टेकने त्यांना शेवटच्या क्षणी 24–21 असे हरवले, तेव्हा ‘परदेशातला सामना आहे, तीन गुणांचा फरक आहे, पुढे सुधारतील’ असे म्हणणे समंजसपणाचे वाटत होते. पण त्यानंतर नऊ दिवसांनी बॉस्टन कॉलेजने त्यांना 28–13 असे हरवले आणि दोन्ही सामन्यांत एकच गोष्ट दिसली: प्रतिस्पर्धी त्यांच्या मधल्या फळीतून चेंडू हातात घेऊन सरळ धावत होते आणि त्यांना कोणी थोपवू शकत नव्हते. ताकदीची ही उणीव एका आठवड्याच्या सरावाने भरून निघत नाही. तो संघ दोन विजय आणि दहा पराभव घेऊन हंगामाबाहेर पडला.

म्हणजे सुरुवातीचा धक्कादायक निकाल नेहमीच फसवा असतो असेही नाही. ‘घाई करू नका’ एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो, कारण तो ओहायो स्टेटबाबत खरा ठरला असता आणि फ्लोरिडा स्टेटबाबत साफ चुकला असता. कारण शोधताना पुढील क्रम मला विश्वासार्ह वाटत आला आहे. प्रथम दोन्ही बाजूंच्या पुढच्या फळ्यांची टक्कर पाहावी, म्हणजे धावून किती यार्ड मिळाले आणि किती दिले, तसेच क्वार्टरबॅकला पास टाकायला वेळ मिळत होता का. त्यानंतर दर खेळीमागे सरासरी किती यार्ड मिळाले ते पाहावे. चेंडू गमावण्याचे प्रसंग सर्वांत शेवटी विचारात घ्यावेत. फुटबॉलचा चेंडू लांबट असल्याने जमिनीवर पडला की कोणत्या दिशेला उसळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सुटलेले चार चेंडू एकाच संघाच्या हाती लागणे हे बरेचसे नशीब असते आणि पुढच्या शनिवारी ते कोणाच्या बाजूने असेल हे सांगता येत नाही.

नोटर डेमच्या त्या पराभवातही नॉर्दर्न इलिनॉयने जास्त यार्ड मिळवले होते, त्यामुळे तो केवळ नशिबाचा खेळ नव्हता. परंतु त्याच नोटर डेमने एक आठवडा आधी टेक्सासमधील कॉलेज स्टेशन या शहरात प्रचंड गर्दीसमोर टेक्सास ए अँड एमला 23–13 असे हरवले होते. बचावाची ताकद एकदा सिद्ध झालेली होती आणि अडचण नव्या क्वार्टरबॅकच्या पासिंगमध्ये होती. अशा वेळी एका सामन्याऐवजी दोन्ही सामने मिळून एक पुरावा मानणे योग्य ठरते.

दुबळ्या संघावरील मोठ्या विजयाला भुलणे

मोठी विद्यापीठे सप्टेंबरमध्ये लहान विद्यापीठांच्या संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. अशा सामन्यांचा गुणफलक जवळजवळ काहीच शिकवत नाही. 2025 च्या सुरुवातीला फ्लोरिडा स्टेटने अलाबामाला 31–17 असे हरवले, मग ईस्ट टेक्सास ए अँड एमला 77–3 आणि केंट स्टेटला 66–10 असे लोळवले आणि क्रमवारीत पहिल्या दहांत प्रवेश केला. प्रत्यक्षात त्या तीन निकालांत वजनदार पुरावा एकच होता. उरलेल्या दोन सामन्यांतील 143 गुणांनी तो पुरावा तिप्पट झाल्याचा भास निर्माण केला. त्यानंतर व्हर्जिनियाने त्यांना दुसऱ्या जादा डावात 46–38 असे हरवले आणि हंगाम पाच विजय, सात पराभव असा संपला. हरलेला अलाबामा मात्र प्लेऑफपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीपर्यंत, पोहोचला.

असा सामना पाहायचाच असेल तर पहिला अर्धा तासच नीट पाहावा आणि पहिल्या फळीचे खेळाडू मैदानात असताना काय घडले तेवढेच नोंदवावे. चौथ्या क्वार्टरमध्ये राखीव खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध केलेले गुण हिशोबात धरू नयेत.

विजयात लपलेली उणीव न पाहणे

पराभवाची चिकित्सा सगळेच करतात, विजयाची फारसे कोणी करत नाही. 2 सप्टेंबर 2023 रोजी प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांच्या कोलोराडोने आदल्या वर्षीच्या उपविजेत्या टीसीयूला (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) त्यांच्याच मैदानावर 45–42 असे हरवले आणि क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सने 510 यार्डांचे पासिंग केले. त्यानंतर नेब्रास्का आणि कोलोराडो स्टेटही हरले. तीन सामने, तीन विजय आणि देशभर एकच चर्चा.

ज्यांनी चेंडूऐवजी ऑफेन्सिव्ह लाइनकडे पाहिले, त्यांना त्या तिन्ही विजयांत तेच दृश्य वारंवार दिसले: शेडूर पास टाकण्यासाठी मागे येतो, एखादा बचावपटू बाजूने सुटून येतो आणि शेडूर जमिनीवर पडलेला असतो. धावण्याचा खेळ नावापुरताच होता. चौथ्या सामन्यात ओरेगनने नेमके तिथेच बोट ठेवले. मध्यंतराला 35–0 आणि शेवटी 42–6. कोलोराडोचा हंगाम चार विजय आणि आठ पराभव असा संपला. आणखी एक गोष्ट तेव्हा फार थोड्यांच्या लक्षात आली: ज्या टीसीयूवरील विजयाचा एवढा गाजावाजा झाला, तो संघही पुढे पाच विजय आणि सात पराभवांवर थांबला. टीसीयू हे नाव आदल्या वर्षाचे होते, संघ मात्र नवा होता.

आदल्या वर्षाचे नाव आणि ऑगस्टची क्रमवारी धरून बसणे

ही चूक आता पूर्वीपेक्षा जास्त महाग पडते. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूंना 2021 पासून लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली, त्यामुळे अनेक संघांत निम्मे चेहरे नवे असतात. ऑगस्टची क्रमवारी एकही सामना होण्यापूर्वीच्या मतांवर आधारलेली असते. 2025 मध्ये टेक्सास पहिल्या आणि पेन स्टेट दुसऱ्या क्रमांकावर होते. दोघांनाही प्लेऑफमध्ये जागा मिळाली नाही. ती क्रमवारी पहिल्या आठवड्याच्या अंदाजासाठी वापरावी आणि चौथ्या आठवड्यापासून बाजूला ठेवावी.

साखळी जोडणे

‘अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले, म्हणून अ हा क पेक्षा श्रेष्ठ’ हा युक्तिवाद फार सोयीचा वाटतो. 2024 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोटर डेमला, बफेलोने नॉर्दर्न इलिनॉयला आणि त्यापुढच्या आठवड्यात कनेटिकटने बफेलोला 47–3 असे हरवले. या साखळीने कनेटिकट हा संघ त्या वर्षीच्या उपविजेत्याहून कितीतरी श्रेष्ठ ठरतो, आणि तसे कोणीही मानणार नाही.

एका पराभवाने हंगाम संपला असे मानणे

2024 पासून प्लेऑफमध्ये चारऐवजी बारा संघ खेळतात, त्यामुळे जुना हिशोब लागू पडत नाही. त्याच वर्षी ओहायो स्टेट ओरेगनकडून 32–31 आणि मिशिगनकडून 13–10 असे दोन सामने हरूनही विजेते ठरले. 2015 मध्ये आयपीएलचे पहिले चार सामने हरलेला मुंबई इंडियन्सचा संघ शेवटी चषक घेऊन गेला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तिथे साखळीत चौदा सामने होते, इथे नियमित हंगामात बाराच असतात, म्हणून सावरायला जागा थोडी कमी असते, पण ती असते.

पुढच्या सामन्याचा अंदाज ‘जिंकणार’ किंवा ‘हरणार’ एवढाच देणे

तीन गुणांनी वरचढ असलेला आणि वीस गुणांनी वरचढ असलेला, अशा दोन्ही संघांविषयी ‘जिंकेल’ असेच म्हटले, तर चूक कुठे झाली ते नंतर शोधता येत नाही. फरक गुणांत सांगावा आणि त्यासोबत एका वाक्यात कारण लिहावे. मी अशी वही अनेक हंगामांपासून ठेवतो. डावीकडे सामना आणि अपेक्षित फरक, मध्ये कारण आणि उजवीकडे रविवारी सकाळी भरायचा रकाना. त्या रकान्यात निकालाबरोबरच ‘कारण खरे ठरले का’ हेही लिहितो. निकाल बरोबर आणि कारण चुकीचे, अशा नोंदी मला सर्वांत जास्त शिकवून गेल्या आहेत.

तुमचे अंदाज सलग दोन-तीन आठवडे चुकत असतील, तर नवीन आकडेवारी शोधण्यापूर्वी हाच मधला रकाना वाचून काढावा. तिथे वारंवार संघाची किंवा प्रशिक्षकाची नावेच दिसत असतील, तर तुम्ही मागच्या वर्षाचे संघ पाहत आहात. तिथे मागच्या शनिवारचे गुणच दिसत असतील, तर एखादा सामना घड्याळ थांबवत पुन्हा पाहावा आणि प्रत्येक खेळीच्या पहिल्या दोन सेकंदांत फक्त दोन्ही बाजूंच्या पुढच्या फळीतील खेळाडूंकडे लक्ष द्यावे. पहिल्या प्रयत्नात ते कंटाळवाणे वाटेल, कारण नजर आपोआप चेंडूमागे धावते. तिसऱ्या-चौथ्या ड्राइव्हपर्यंत (चेंडू एका संघाकडे असतानाच्या सलग खेळ्या म्हणजे ड्राइव्ह) कोण कोणाला मागे रेटतो आहे हे दिसू लागते, आणि पुढच्या शनिवारचा अंदाज तिथूनच लिहायला घ्यावा.