गाडी धुऊन पंधरा दिवस उभी ठेवण्यापूर्वी करायची ब्रेकची तयारी

गणपतीला कोकणात रेल्वेने जायचे आणि गाडी मुंबईतच सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ठेवायची, असा बेत ठरला की आदल्या संध्याकाळी ती धुवायची, हँडब्रेक करकचून ओढायचा आणि वर कव्हर घालून मोकळे व्हायचे, असाच बहुतेकांचा क्रम असतो. परतल्यावर मागचे चाक जाम सापडते ते बहुधा याच क्रमामुळे. मागे ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारे बंदिस्त भांडे) असलेल्या गाडीत हँडब्रेक ओढला की शूचे, म्हणजे आतल्या कमानदार पट्ट्यांचे, लायनर (घर्षणाचे अस्तर) ड्रमच्या आतल्या बिडाला घट्ट टेकतात, मध्ये राहिलेल्या पाण्याला सुकायला वाव मिळत नाही, आणि बिडावर चढलेला गंज लायनरला धरून बसतो; त्यात खारी हवा आणि भाद्रपदातला दमटपणा यांची भर पडते. पुढच्या डिस्कवर, म्हणजे ब्रेकच्या उघड्या चकतीवर, काही तासांत दिसणारा तांबूस थर मात्र किरकोळ असतो आणि पहिल्या काही ब्रेकांतच तो घासून निघतो.

म्हणून आपण गावी निघण्याच्या निदान एक दिवस आधी गाडी धुवावी, तीही सकाळी. लांबून आल्याबरोबर तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारू नये, कारण त्याने डिस्क वाकडी होण्याचा धोका असतो. प्रेशरच्या पाण्याचा झोत कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पकडीच्या) रबरी टोप्यांवर रोखू नये.

धुतल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे सर्वांत महत्त्वाची असतात आणि नेमकी तीच टाळली जातात. गाडी पुसून लगेच जागेवर न लावता मोकळ्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फिरवावी, पहिले एक-दोन ब्रेक कमी धरतील हे लक्षात घेऊन पुढच्या वाहनापासून अंतर राखावे, आणि खरखर थांबून ब्रेक नेहमीसारखे धरू लागेपर्यंत अधूनमधून हलके ब्रेक मारत राहावे. ड्रम बंदिस्त असल्याने त्याला सुकायला डिस्कपेक्षा जास्त वेळ लागतो.

उभी करताना सपाट जागा निवडावी, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असल्यास पार्कमध्ये ठेवावी आणि मगच हँडब्रेक सोडावा. उतारावर हा उपाय करू नये. तिथे हँडब्रेक हवाच, मग चाक चिकटले तरी चालेल. बटणाचा हँडब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप लागतो, तो सोडून ठेवण्याची रीत मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवावी. कव्हर गाडी पूर्ण सुकल्यावरच घालावे. सोसायटीत रोज गाड्या पुसणाऱ्यालाही सांगून ठेवावे, कारण तो इमानदारीने रोज चाकांवर बादली ओतत राहतो आणि गाडी फिरवून ब्रेक सुकवायला त्याच्याकडे किल्ली नसते. एखादा विश्वासू शेजारी चार दिवसांआड गाडी थोडी पुढे-मागे करणार असेल, तर त्याहून चांगला बंदोबस्त नाही.

एवढे करूनही चाक अडकू शकते, म्हणून जॅक, व्हील पाना, ठोकळे, टॉर्च आणि लाकडी हातोडा डिकीत असू द्यावा. परतल्यावर हँडब्रेक पूर्ण खाली आहे याची खात्री करून गाडी आधी रिव्हर्समध्ये आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लचवर हलकेच उचलून पाहावी; बरेचदा ‘खट्’ असा आवाज येतो आणि चाक सुटते. तेवढ्याने सुटले नाही तर जोराने अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये, कारण त्यात लायनर शूपासून उखडतो किंवा क्लच जळतो. त्याऐवजी दुसऱ्या चाकांना ठोकळे लावून अडकलेले चाक काढावे आणि ड्रमच्या कडेवर फिरवत फिरवत हलके ठोके द्यावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र अंग घालू नये. बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोके असतात, त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. गंज सोडवणारा तेलकट स्प्रे ड्रममध्ये मारण्याचा मोह होतो, पण तेल लायनरमध्ये मुरले की तो ब्रेक पुढे धरत नाही. आतली धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नये, कारण ती श्वासावाटे आत जाते.

चाक सुटल्यावर हळू वेगात ब्रेक तपासून छोटी फेरी मारावी आणि उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. एकच चाक जास्त तापलेले असेल, तर कॅलिपरची पिन किंवा हँडब्रेकची केबल गंजून अडकल्याची शक्यता मोठी असते, आणि अशी गाडी तशीच न चालवता मेकॅनिकला जागेवर बोलवावे.